दोन मेलेल्या खेपा आणि मेहताब भाईंचं नाव

एखाद्या माणसाचं नाव खराब करायला तुम्हाला किती पुरावा लागतो? मला मेलेल्या कोळंबीच्या दोन खेपा पुरल्या.

दुसरी खेप मेली त्या दिवशी मी दिल्लीत आर. के. पुरममध्ये गायकवाड काकूंच्या क्वार्टरमध्ये, त्यांच्या फिशटँकपुढे गुडघे टेकून बसले होते. लोकांचे टँक लावून देणं आणि सांभाळणं हा माझा धंदा. काकू एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. त्यांना टँकमध्ये चेरी श्रिंप हवे होते. म्हणजे गोड्या पाण्यातली नखाएवढी तांबडी कोळंबी. ती शेवाळ खाते आणि पाणी मानवलं तर भराभर वाढते.

"या वेळी किती?" काकूंनी विचारलं.

"पंधरातल्या अकरा गेल्या."

"आणि उरलेल्या चार?"

"त्यांचा विचार चाललाय."

काकू हसल्या नाहीत. सोफ्यावरून त्यांचे सासरे, अण्णा, म्हणाले, "खायची नाही तर कोळंबी आणायची कशाला, हे मला अजून कुणी समजावलेलं नाही."

मला त्याहून साधी गोष्ट समजत नव्हती. त्याच पाण्यात गप्पी मासे मजेत होते. त्यांना पिल्लंही झाली होती. वनस्पती हिरव्यागार. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, तो साठला की टँकमधलं सगळंच मरतं. मी टेस्ट किट काढलं, थेंब टाकले. अमोनिया शून्य. त्यापासून बनणारं नायट्राइट, तेही शून्य. तापमान ठीक. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायचं औषध काकू न चुकता घालत होत्या. किट म्हणत होतं पाणी उत्तम आहे. कोळंबी उलटी पडून काही वेगळंच सांगत होती.

पहिल्या खेपेनंतर मी डासांचं मशीन बंद करायला लावलं होतं. मग वनस्पतींवर कीटकनाशक असेल म्हणून सगळ्या उपटून धुतल्या. अर्धं पाणी बदललं. थोडे दिवस बरं गेलं आणि पुन्हा तेच. मला वाटलं, घरात शोधण्यासारखं आता काही उरलेलं नाही. उरला तो विकणारा.

विकणारे मेहताब भाई. फरीदाबादला एका कारखान्यात लेथ चालवतात आणि घरच्या एका खोलीत रॅकवर टाक्या मांडून श्रिंपची पैदास करतात. प्रत्येक पिढीतली सगळ्यात लाल कोळंबी निवडून तिच्यापासून पुढची पिढी. कित्येक वर्षांचं काम. बहुतेक गिऱ्हाईक आमच्या मासे पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरच.

आमच्या घरी अन्याय दिसला की पत्रक निघायचं. वडील युनियनमध्ये होते, मी शाळेत असताना ती पत्रकं वाटली आहेत. मी त्याच तावात ग्रुपवर लिहिलं: आजारी माल विकणाऱ्यांना आता नाव घेऊन जाब विचारा. आणि नाव घेतलं.

दहा मिनिटांत ग्रुप पेटला. कुणी त्यांची ऑर्डर रद्द केली, कुणी माझा मेसेज दुसऱ्या ग्रुपवर टाकला. त्याच खेपेतली कोळंबी मी नोएडातल्या एका टँकमध्येही सोडली होती. ती जिवंत होती. हे मला लिहिताना माहीत होतं. पण ते कशातच बसत नव्हतं, म्हणून मी ते लिहिलंच नाही.

दोन दिवसांनी मेहताब भाईंचा फोन आला. मी भांडणाच्या तयारीत उचलला.

"मॅडम, वो टंकी देखनी है."

"क्यों?"

"मेरा माल है. कैसे मरा, पता तो चले."

रविवारी सकाळी ते मेट्रोने आले. काकूंनी चहा ठेवला. भाईंनी चहाला हात लावला नाही. टँकच्या चारही बाजूंनी फिरले, वाळूतून रिकामे शंख उचलले. टँकमधल्या गोगलगायी कधी मेल्या होत्या, माझं लक्षच नव्हतं.

"मछली ठीक, घोंघे खत्म, झिंगा खत्म," ते म्हणाले. "इसमें पानी कौन डालता है?"

"मैं," काकू म्हणाल्या. "हर संडे. बाल्टी से, दवाई डालकर."

"और कोई?"

"और कोई नहीं."

तेवढ्यात अण्णा स्वयंपाकघरातून आले. हातात तांब्याचा तांब्या. आमच्यामधून वाट काढत टँकपाशी गेले, झाकण सारलं आणि सावकाश पाणी ओतलं.

काकू ओरडल्याच. "अण्णा! हे काय?"

"काय म्हणजे? रोजचंच. पाणी आटतं की नाही? रात्री तांब्यात आरओचं भरून ठेवतो. निम्मं मी पितो, निम्मं यांना. तुझ्या नळाच्या पाण्यापेक्षा शुद्ध आहे."

मेहताब भाईंना मराठी येत नव्हती. पण ते त्या भांड्याकडे बघत होते. "तांबा," ते हळूच म्हणाले. "मेरी भी एक टंकी ऐसे ही गई थी. मछली की दवाई में तांबा था."

रात्रभरात तांब्याचा अंश पाण्यात उतरतो. माणसाला त्याचं काही वाटत नाही, मासेही बरंच सोसतात. कोळंबी आणि गोगलगायी सोसत नाहीत. शिवाय टँकमधलं पाणी आटतं, तांबं आटत नाही. अण्णा रोज थोडं घालत होते आणि ते साठत होतं. मी अर्धं पाणी बदललं तेव्हा ते निम्मं झालं, म्हणून थोडे दिवस बरे गेले. माझ्या किटमध्ये तांब्याची टेस्टच नव्हती. दुसऱ्या दिवशी ती विकत आणली. रंग असा गडद चढला की बाटलीवरच्या तक्त्याशी जुळवून बघायची गरज उरली नाही.

अण्णांना ते पटलं नाही. "आम्ही जन्मभर हेच पाणी पितोय. आम्हाला काय झालं?"

"अण्णा, तुम्ही कोळंबी नाही," काकू म्हणाल्या.

"मग मला आधी कुणी विचारलं का नाही?"

याचं उत्तर द्यायला हवं होतं ते मी. तीन आठवडे मी त्या घरात जात होते आणि हा माणूस टँकपासून चार हातांवर बसलेला होता.

आम्ही टँक पूर्ण रिकामा केला, वाळूसुद्धा बदलली. मेहताब भाईंनी दहा कोळंब्या दिल्या. त्या आजही जिवंत आहेत आणि आता मोजता येत नाहीत.

मी ग्रुपवर माफी मागितली, झालं ते सगळं लिहून. तिला चार अंगठे आले. आरोप मात्र अजून फिरतो आहे. लोक त्या कोळंब्यांना काय झालं होतं ते विसरले आहेत, भाईंचं नाव तेवढं त्यांच्या लक्षात आहे. त्यांनी अर्ध्या टाक्या काढून टाकल्या. मी फोन केला तर म्हणाले, "मॅडम, पहला वाला आपने बहुत अच्छा लिखा था. सबने पढ़ा."

टेस्ट किट तुम्ही जे मोजायला सांगाल तेवढंच मोजतं. माझ्या रागाचंही तसंच झालं होतं.

म्हणून एक विनंती आहे. फरीदाबादच्या श्रिंपवाल्याबद्दलचा तो मेसेज तुमच्या फोनवर असेल तर आता उघडा. तो तुम्ही कुणाकुणाला पाठवला ते बघा. त्या प्रत्येकाला आज फोन करा आणि सांगा, की तो खोटा होता आणि लिहिणारीनेच तसं कळवलं आहे.