तळाचा पांढरा गाळ

आमची ताई चार वर्षं बटाटे किसत होती, आणि त्यातलं तोंडात घालण्याजोगं काहीच नव्हतं. "एवढ्यात पंगत उठली असती," असं आई म्हणायची.

प्रयोगशाळेत ताई एक एन्झाइम शोधत होती. बटाट्यात स्टार्च बनतो तेव्हा साखर सुटी येत नाही, तिला एडीपी नावाची मूठ लागलेली असते. एन्झाइम ती साखर स्टार्चच्या लांब साखळीच्या टोकाला जोडतं आणि मूठ सोडून देतं. ताई बटाट्याच्या रसात मूठवाली साखर घालायची, पण साखळी काही वाढायची नाही. जेवताना रोज हेच ऐकून माझे, म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीचे, कान किटले होते.

शेवटी तिच्या पीएचडीच्या मार्गदर्शक सरांनी बजावलं, "महिनाअखेरपर्यंत काही दिसलं नाही तर विषय बदल." म्हणजे चार वर्षं पाण्यात. ताईनं नळ्या बदलल्या, बर्फ बदलला, बटाटेवालासुद्धा बदलला. सरांची रीत तेवढी बदलली नाही: रस यंत्रात गरगर फिरवायचा, वरचं नितळ पाणी ठेवायचं, तळाचा पांढरा गाळ टाकायचा. तिथे सगळे तसंच करत.

एका दुपारी वैतागून तिनं पाणी ओतून दिलं आणि साखर गाळातच घातली. नाहीतरी वाटोळंच व्हायचं होतं. संध्याकाळी पाहते तर साखळी वाढलेली. भिंत बांधता बांधता गवंडीच आत चिणला जावा, तसं ते एन्झाइम स्टार्चच्या कणांत रुतून बसलेलं होतं.

ती धावत सरांकडे गेली. त्यांनी आकडे पाहिले.

"बरोबर आहे. हे कणातच असतं. तू गाळ टाकत होतीस?"

"तुम्हीच सांगितलं होतंत, सर."

"ते दुसऱ्या एन्झाइमसाठी गं. विचारायचं नाही का?"

घरी येऊन तिनं हे शांतपणे सांगितलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आई म्हणाली, "पण विषय राहिला ना?"

"राहिला. उद्या पहिल्यापासून सुरुवात." ताईनं ताट पुढे ओढलं, पण जेवली नाही. "आणि मी विचारलं होतं गं त्यांना. दुसऱ्याच वर्षी. म्हणाले, सांगितलंय तेवढं कर."

"मग आज तोंडावर का नाही सांगितलंस?" मी म्हटलं.

"प्रबंधावर सही त्यांचीच लागते," ताई म्हणाली.