रिकाम्या किटलीचा पाठ

किटली हलकी होती. उचलताक्षणी मनगटाला कळले. आत काहीच नव्हते.

वर्गाच्या मध्यभागी टेबल मांडलेले होते. त्यावर भरतकाम केलेला पांढरा कपडा, चिनी मातीचे कप, साखरेचे भांडे. दोन खुर्च्यांवर माझ्या वर्गातल्या दोन मुली बसल्या होत्या. एक यजमानीण, एक पाहुणी. मी उभी. मी त्या घरची मोलकरीण. स्पॅनिशच्या पुस्तकातला तो पाठ होता, नाव 'ला बिसीता', म्हणजे भेट. पाहुणी येते, यजमानीण विचारपूस करते, मोलकरीण कॉफी आणते.

"किटली रिकामी आहे," मी मराठीत म्हणाले. आमच्या शिक्षिका मराठी होत्या.

"असू दे. ओतल्यासारखं कर."

मी ओतल्यासारखे केले. त्या दोघींनी प्यायल्यासारखे केले. मग मी माझे वाक्य म्हटले. "सी, सेन्योरा." होय, बाईसाहेब. पाठात मोलकरणीच्या वाट्याला तेवढे एकच वाक्य होते.

मी बाकावर जाऊन बसले. पुढची मोलकरीण वसंता, माझ्या शेजारी बसणारी, बंगळुरातल्या राजाजीनगरच्या कन्नड ब्राह्मण घरातली मुलगी. ती पुढे गेली, आणि शिक्षिकेने थर्मास उघडून किटली भरली. वाफ निघाली. वर्गभर कॉफीचा वास पसरला. वसंताने ओतली. टेबलावरच्या मुली खरोखर प्यायल्या.

एकदा घडले तर योगायोग. मी वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी होते. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढायचा नाही, हे मला पहिल्याच वर्षी शिकवले होते. म्हणून मी थांबले. पाहत राहिले. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. किटली तीच, थर्मास तोच, टेबल तेच, मुली त्याच. बदलणारी गोष्ट फक्त एक होती. ओतणारा हात.

निष्कर्ष निघाला. तो मला घरी कुणी सांगितला नव्हता असे नाही. तो कॉलेजातही खरा ठरेल, एवढेच मला माहीत नव्हते.

साठच्या दशकाची ती सुरुवात होती. स्पॅनिश मी हौसेने घेतली नव्हती. मला मक्याच्या संकरावर काम करायचे होते. मक्याचे पूर्वज मेक्सिकोतले. तिथल्या संशोधनकेंद्राचे अहवाल आमच्या प्राध्यापकांच्या कपाटात होते, सगळे स्पॅनिशमध्ये. आकृत्या मला समजत, आकृत्यांखालच्या ओळी समजत नसत. तिथे प्रशिक्षणाला जायचे तर भाषेची परीक्षा आणि भाषेच्या शिक्षिकेची शिफारस, दोन्ही लागत. म्हणून बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्राच्या जोडीने मी स्पॅनिश हा दुय्यम विषय घेतला. बंगळुरात तो शिकवणारी माणसे विरळा. आमच्या कॉलेजला या शिक्षिका मिळाल्या, कारण त्यांचे यजमान आधी परदेशी वकिलातीत होते आणि आता इथल्या नव्या सरकारी कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आले होते. आम्ही सगळ्या त्यांना सेन्योराच म्हणत असू. त्यांचीच तशी आज्ञा होती.

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता.

"अगं बाई, मराठी! इतक्या दिवसांनी कुणीतरी आपलं भेटलं. आडनाव काय गं?"

मी सांगितले.

"मूळचे कुठले?"

"साताऱ्याकडचे. आजोबा पलटणीतून इकडे आले."

"पलटणीतून," त्या म्हणाल्या. "हं."

हात खांद्यावरून निघाला. झटकला नाही. नुसता निघाला, हवेत थोडा थांबला, मग पदराकडे गेला. त्यानंतर त्या माझ्याशी कधी 'आपलं' म्हणून बोलल्या नाहीत.

हे नीट समजून घेतले पाहिजे. वर्गातल्या कन्नड मुलींना माझे आडनाव म्हणजे नुसता एक आवाज होता. त्यावरून त्यांना काहीही कळत नव्हते. ते वाचता येण्यासाठी मराठी माणूसच लागतो. त्या वर्गात माझी भाषा बोलणारी ती एकच बाई होती, आणि त्या एकाच बाईला मी कोण ते कळले.

सेन्योरांची शिकवण्याची पद्धत चांगली होती, हेही नोंदवते. भाषा हातात वस्तू घेऊन शिकावी असे त्यांचे म्हणणे. कप हातात घ्या आणि कप म्हणा. साखर चाखा आणि साखर म्हणा. म्हणून दर आठवड्याला घरून टोपलीत सगळा सरंजाम येई. किटली जर्मन सिल्व्हरची. मी तिला हात लावलेला चालत होता. कॉफी असताना मी तिला हात लावलेला चालत नव्हता. धातू घासून शुद्ध होतो, द्रव होत नाही. त्यांचे शास्त्र माझ्या शास्त्राइतकेच काटेकोर होते. चिनी मातीचा कप घासूनही शुद्ध होत नाही, म्हणून पाहुणीची खुर्ची मला कधीच मिळाली नाही. पाहुणीला कप ओठाला लावावा लागतो.

"तुला नेहमी तेच का गं?" वसंताने एकदा जिन्यात विचारले. आम्ही कन्नडमध्ये बोलत असू. "दोन आठवडे मी पाहुणी, तू मात्र सारखी ट्रे घेऊन. मी विचारू सेन्योरांना?"

"नको."

"सरी, ठीक आहे. पण पुढच्या वेळी मी विचारणारच."

तिने विचारले नाही. मी तिला दोष देत नाही. तिची किटली भरलेली होती. भरलेल्या किटलीला वजनाचे नवल वाटत नाही.

के. आर. पुरमला रेल्वेच्या वसाहतीतल्या आमच्या खोलीत मी पाठ म्हणून काढत असे. अण्णांनी, माझ्या वडिलांनी, देव केव्हाच काढून ठेवले होते. भिंतीवर बुद्धाचे एक चित्र होते. त्याखाली बसून मी म्हणे, "सी, सेन्योरा. सी, सेन्योरा." आवाज बरोबर खाली उतरला पाहिजे, डोळे ट्रेवर, अशी सूचना होती.

अम्मा भाकरी थापत ऐकत होती. ती छावणीतल्या एका बंगल्यावर झाडलोटीला जाई.

"काय म्हणतीस गं ते?"

"जी बाईसाहेब."

तिचा हात थांबला. "ते मी रोज म्हणते की. त्याला कॉलेजात जावं लागतं व्हय?"

अण्णा हसले. मीही हसले. अम्मा हसली नाही. थोड्या वेळाने तिने विचारले, "तुझा आवाज माझ्यासारखा का लागला?"

मी पुस्तक मिटले. पण तेव्हापासून ते वाक्य माझ्या तोंडात अम्माच्या आवाजात येऊ लागले. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकावर वाकलेली असताना प्राध्यापकांनी हाक मारली की आधी ओठ हलत, सी, सेन्योरा, आणि मग मी "येस सर" म्हणे. बसमधल्या कंडक्टरने "पुढं चला" म्हटले तरी आत तेच. कुणी ऐकत नव्हते. मी ऐकत होते. आपल्याच गळ्यात दुसरे कुणीतरी राहायला आले आहे, आणि ते कुणीतरी आपली आई आहे, मान खाली घातलेली, हा अनुभव मी कोणत्याही पुस्तकात वाचलेला नाही.

दोन वर्षे गेली. तोंडी परीक्षेला बाहेरून एक म्हातारे पाद्री आले. जन्माने स्पेनचे, वर्षानुवर्षे शहराबाहेरच्या मठात राहिलेले. सेन्योरांनी ठरवले की परीक्षेच्या आधी त्यांना 'ला बिसीता' करून दाखवायची. पाद्रीबाबांना टेबलावरच बसवायचे, खऱ्या पाहुण्यासारखे. वसंता यजमानीण. मी मोलकरीण.

"तुझं तेवढं पक्कं आहे," सेन्योरा म्हणाल्या. "तू नुसतं ओतल्यासारखं करून बाजूला हो. मग वसंता खरी कॉफी देईल."

मी टोपलीतून किटली उचलली. हलकी. अर्थात.

पाद्रीबाबा बसले होते. गाईचे मांस खाणारा, मद्य पिणारा तो माणूस. त्याचे ओठ त्या कपांना चालत होते. हे मला त्या क्षणी सुचले, आणि एखादे समीकरण अचानक सुटावे तसे सगळे सुटले. प्रश्न खाण्यापिण्याचा नव्हताच. स्वच्छतेचा नव्हताच. धर्माचासुद्धा नव्हता. प्रश्न फक्त माझा होता.

मी टेबलापाशी गेले. वसंताने तिचे वाक्य म्हटले. आता मी म्हणायचे होते, सी, सेन्योरा.

मी ट्रे टेबलावर ठेवला आणि भिंतीलगतची एक रिकामी खुर्ची ओढून टेबलाशी बसले.

"सेन्योरा," मी स्पॅनिशमध्ये म्हणाले, "किटली रिकामी आहे. आज मी पाहुणी आहे. मला कॉफी हवी आहे. साखर घालून."

ही वाक्ये मला कुणी शिकवली नव्हती. दुसऱ्यांच्या तोंडून ऐकून मी ती जुळवली होती.

सेन्योरा हसत पुढे आल्या. हसू तसेच ठेवून खालच्या आवाजात मराठीत म्हणाल्या, "ऊठ. तमाशा करू नकोस."

मी उठले नाही.

पाद्रीबाबांना मराठी येत नव्हते. त्यांना वाटले, नाटकच रंगले आहे. ते मोठ्याने हसले, टाळी वाजवली आणि म्हणाले, "बरोबर आहे! पाहुणीला कॉफी द्या!"

थर्मास सेन्योरांच्या हातात होता. वसंता खाली बघत होती. शेवटी सेन्योरांनी स्वतःच माझ्यासमोरच्या कपात कॉफी ओतली. थर्मास उंच धरून. धार लांबून पडली, बशीत थोडी सांडली. मी कप उचलला आणि प्याले. गरम होती. जीभ भाजली. मी थांबले नाही.

इथे हे थांबले असते तर गोष्ट सोपी होती.

पाद्रीबाबा माझ्याकडे वळले. "सेन्योरीता, तुम्हाला पुढे काय करायचे आहे?"

मका. मेक्सिको. संकर. सगळे शब्द मला माहीत होते. त्यातले निम्मे मी अहवालांतून स्वतः शोधलेले. मी तोंड उघडले, आणि माझ्या तोंडातून, मान खाली घालून, अम्माच्या आवाजात आले:

"सी, सेन्योरा."

ते प्रेमळ हसले. मुली हसल्या. सेन्योरासुद्धा हसल्या, आणि त्यांचे ते हसू खरे होते. खुर्चीवर बसूनही मी उभीच होते. अपमान बाहेरून होतो तोवर त्याच्याकडे बोट दाखवता येते. तो तुमच्याच जिभेने बोलू लागतो, तेव्हा बोट कुठे दाखवायचे?

मी मग "नो" म्हणाले. मोठ्याने. पुन्हा एकदा, "नो." आणि अडखळत, क्रियापदे चुकवत, मक्याबद्दल बोलले. त्यांनी ऐकून घेतले. मला उत्तीर्ण केले, जेमतेम.

शिफारस सेन्योरांच्या हातात होती. ती मागायला मी गेले.

"उच्चार छान आहेत तुझे," त्या म्हणाल्या. "पण संभाषणाचा आवाका नाही गं. एकच वाक्य तुला सहज येतं. परक्या देशात कसं निभणार? आणि मी तुझ्यासाठी काय कमी केलं? वर्गात बसू दिलं. पात्र दिलं. दुसऱ्या कुणी दिलं असतं?"

मी त्यांच्या टेबलासमोर उभी राहून हा युक्तिवाद तपासला. दोन वर्षे एका मुलीला एकच वाक्य द्यायचे. मग परीक्षा घ्यायची. मग नोंद करायची की हिला एकच वाक्य येते. रोपाला अंधारात वाढवायचे आणि लिहायचे, ही जातच फिकट. असा प्रयोग मी प्रयोगशाळेत केला असता तर मला बाहेर काढले असते. बाहेर साऱ्या देशात तो चालतो, आणि करणाऱ्यांना गुरुजी, बाई म्हणून नमस्कार करतात.

"शिफारस नको," मी म्हणाले. "देत असलात तरी नको."

"माज बघा," त्या म्हणाल्या.

परीक्षेच्या दिवशी बाकीचे कप टोपलीत भरून घरी गेले होते. माझा कप वर्गाच्या खिडकीत राहिला. कुणी वापरला नाही, कुणी फेकलाही नाही. वर्ष संपेपर्यंत तो तिथेच होता. तळाशी कॉफीचे वर्तुळ, त्यावर धूळ, मग एक मेलेली माशी. जाता-येता तो माझ्याकडे बघे. मी तो घरी आणला नाही. तो माझा नाही. ज्यांचा आहे त्यांच्याच खिडकीत तो राहिला पाहिजे.

परीक्षेच्या दिवशी संध्याकाळी अम्माला सगळे सांगितले. मला वाटले, ती घाबरेल.

"खुर्चीवर बसलीस?"

"बसले."

"त्यांच्या कपात प्यालीस?"

"प्याले."

"गरम होती?"

"हो."

तिने तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "माझी गार असती. आत सगळ्यांचं झाल्यावर मागच्या भिंतीवर ठेवतात."

इतक्या वर्षांत हे तिने आम्हाला सांगितले नव्हते.

आता मी संशोधन करते आहे, इथेच. मेक्सिकोच्या केंद्राला मी थेट लिहिले आहे. शिफारशीच्या जागी माझे मक्याचे निष्कर्ष जोडले. त्यांचे उत्तर आलेले नाही. कदाचित येणार नाही. मी पुन्हा लिहीन. स्पॅनिश मी एकटी शिकते, मोठ्याने, पाठातली सगळी पात्रे स्वतः म्हणत. फक्त एक सोडून. ते पात्र मी पुन्हा घेणार नाही, आणि उद्या माझ्या वर्गात मुली बसल्या, तर त्यांतल्या एकीलाही देणार नाही. अम्मा अजून बंगल्यावर जाते. माझा पहिला पगार होईल त्या दिवसापासून जाणार नाही. हे मी तिला सांगितलेले नाही. मी ठरवले आहे.

हे सारे मी मराठीत लिहिते आहे, स्पॅनिशमध्ये किंवा इंग्रजीत नाही. ज्या भाषेने माझे आडनाव वाचले, तिने आता हेही वाचावे.

ते वाक्य गेलेले नाही. कुठेही किटली उचलली की आधी मनगट तिचे वजन घेते, आणि घशात तो आवाज येऊन उभा राहतो, मान खाली घालून, आज्ञेची वाट बघत. येऊ दे. तो माझ्या आईचा आहे, त्याला मी हाकलणार नाही. पण त्याच्याकडून होय वदवून घेणाऱ्याची यापुढे माझ्याशी गाठ आहे.