फुकटचा गरुड

पौषातली दुपार होती. खिडकीतून उतरणाऱ्या तिरप्या उन्हात कांद्याच्या ओल्या पातीचा उग्र वास मिसळला होता, आणि उशाशी ठेवलेल्या मोबाइलच्या काचेवर एक गरुड आपले सोनेरी पंख सावकाश उलगडत होता. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर घोडेगावच्या घरात मी दीड महिना अंथरुणाला खिळले होते. गणिताची शिक्षिका म्हणून सारे आयुष्य फळ्यासमोर उभ्याने काढलेल्या मला ते आडवे पडणे सोसेना, म्हणून बहिणीने सुचवलेला पत्त्यांचा एक खेळ मी मोबाइलवर घेतला. पैसे लागत नव्हते. रोज एक बंद पाकीट मिळे. बोटाने फाडले की आतून पाच पाने निघत, कधी लांडगा, कधी वेताळ, कधी नुसतीच धुक्यातली टेकडी. आणि ती पाने जुळवून कुणा अदृश्य अनोळख्याशी झुंजायचे.

पहिले आठ दिवस मी लहान मुलीसारखी हरखले. मग गणिताची खोड जागी झाली. सलग तीन डाव हरले की चौथ्याला समोरचा गडी हमखास चुके. एकदा कंटाळून चार दिवस खेळ उघडलाच नाही, तर पाचव्या दिवशीच्या पाकिटातून नेमका हा दुर्मीळ गरुड निघाला. आनंद व्हायचा, तर अंगावर शहारा आला. मी कधी विटते, किती दिवस रुसते, कशाने परतते, हे त्या खेळाला ठाऊक होते. तरीही मी खेळत राहिले. लबाडी उमगली म्हणून सवय सुटत नाही, तिची चव तेवढी कडवट होते.

तो कडवटपणा हळूहळू खेळाबाहेर झिरपू लागला. शेजारणीने वालाची उसळ पाठवली तरी मन विचारी, आज कशी काय?

शिनोलीची हौसाबाई त्याच दिवसांत भेटीला आली. तिच्या घरी अजून मेंढरे आहेत. तिच्या मुलीची, सखूची, मी फार वर्षांपूर्वी शिकवणी घेत असे. तिने पिशवीतून लोकरीचा एक पट्टा काढला, स्वतः सूत कातून विणून घेतलेला, आणि गुडघ्याला बांधायला म्हणून माझ्या हाती ठेवला. माझ्या तोंडून कोरडेपणाने निघून गेले, "काय काम काढलंस, हौसाबाई?"

"काम? काम न्हाई, बाई. गुडघ्याला ऊब लागंल म्हून आणलं व्हतं."

चहालाही न थांबता ती गेली.

पुढे कित्येक दिवस तो पट्टा बांधताना माझी बोटे अडखळत. चालता येऊ लागल्यावर, माघाच्या अखेरीस, काठी टेकत मी एसटीने शिनोलीला गेले. आंब्याच्या मोहोराचा गंध साऱ्या वाटेवर दाटला होता. हौसाबाई अंगणात शेंगा निवडत बसली होती. मी म्हटले, "त्या दिवशी मी चुकले. तुझ्यावर संशय घेतला."

ती हसली. "त्यात काय, बाई! म्या बी घेतलाच व्हता की. तुमी सखूला फुकट शिकवाया लागला, तवा मला लई वाटायचं, ह्या बाईच्या मनात काय असंल? पोरीला घरकामाला ठिवून घ्यायची असंल."

"मग धाडलंस कसं तिला?"

"ती शिकत व्हती. म्हून धाडत राह्यले."

"आणि संशय कधी गेला?"

"ध्यानात न्हाई." ती पुन्हा शेंगांकडे वळली.

मी पायरीवर बसून राहिले. आयुष्यातले एकच दान निर्मळ म्हणून मी जपले होते, आणि त्यावरही एक सावध नजर सतत रोखलेली होती. ती नजर चुकीचीच होती, असे तरी मी कशाच्या बळावर म्हणावे? गावाने मला आदराने 'बाई' म्हणावे, ही तहान तेव्हा माझ्यात नव्हती काय? शोधू लागले तसे मला माझ्याच मनाचा भरवसा वाटेना.

उन्हे कलली. हौसाबाईने दारात बांधलेल्या शेळीचे धारोष्ण दूध पितळी पेल्यात आणून दिले आणि डोंगरावरून उतरणाऱ्या कळपाकडे पाहत उभी राहिली. पेला हाती घेताना मनाने आपला जुना प्रश्न विचारलाच. मी त्याला उत्तर दिले नाही. दूध निवण्याआधी पिऊन टाकले.