मॅनिफोल्डचे दोन नट

बोरीत माझं छोटं गॅरेज आहे. जुन्या पेट्रोल जीप बाळगणारे हौशी लोक येतात. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा बिडाचा भाग, मी गाडी आली की आधी बघतो. सांध्यावर काजळी दिसली की गॅस्केट, म्हणजे धूर अडवणारी मधली पट्टी, बदलतो. नट मधून सुरू करून टोकांकडे आवळतो, इंजिन तापवून, थंड करून पुन्हा आवळतो. लोक विचारतात, एवढं कशाला?

मी फौजेत होतो तेव्हाची गोष्ट. पोस्टिंग डोंगरातलं होतं. मी वर्कशॉपचा मेकॅनिक. अँब्युलन्स जीपवर ड्रायव्हर नाईक मारुती, आपल्या पेडगावचा. एका सकाळी चौकीवरून जखमी जवानाला खाली न्यायचं होतं. ढगांमुळे हेलिकॉप्टर येणार नव्हतं. मी मारुतीशेजारी बसलो.

अर्ध्या घाटात इंजिन फटफट वाजू लागलं. मागून नर्सिंग असिस्टंट म्हणाला, “डोकं गरगरतंय. पेशंट बोलेना.”

मारुतीनं गाडी थांबवली. मागची ताडपत्री उघडून दोघांना वारा लागू दिला. मी बॉनेट उचललं. मॅनिफोल्डच्या मागच्या टोकाचे दोन नट पडले होते. गॅस्केट फाटून विषारी धूर आत भरत होता.

रेडिओवर साहेब म्हणाले, “रुको मत. ओव्हर.”

“सर, धुआँ अंदर आ रहा है. बीस मिनट चाहिए. ओव्हर.”

“दिए. आउट.”

“पानी मारू का? लवकर थंड होईल,” मारुतीनं विचारलं.

“न्हाई. बीड तडकंल.”

उरलेले नट सैल करून मी नवं गॅस्केट सरकवलं. तापलेलं टोक जाग्यावर बसेना. मारुतीनं हातमोजे घातले आणि ते दोन्ही हातांनी दाबून धरलं.

“आवळ तू.”

“हात जळायलेत तुजे.”

“दिसायलंय मला. आवळ.”

मी पेटीतले पितळी नट चढवून आवळले. हातमोजे तळव्यांना चिकटले होते. त्याच हातांनी त्यानं हॉस्पिटलपर्यंत गाडी नेली. मला स्टिअरिंग दिलं नाही. “ह्या वळणांची सवय मला हाय,” एवढंच म्हणाला. जवान वाचला.

पुढच्या हिवाळ्यात त्याच घाटात दरड आली. मारुतीनं गाडीतल्या सगळ्यांना आधी उतरवलं. तो मात्र गाडीसकट दरडीखाली राहिला.

पेडगावला गेलो की त्याच्या आईला भेटतो. एकदा तिनं विचारलं, “गाडी बरी चालवायचा का रे आमचा मारुती?”

“मावशी,” मी म्हणालो, “त्याच्या शेजारी बसून आमी घाटात झोपा काढायचो.”

ती हसली. मग शेजारणीला हाक मारून म्हणाली, “ऐक गं, काय म्हणायलाय ह्यो.”