बांध टिकला ते वर्ष

हिवाळी शिबिर माझ्या गळ्यात पडलं ते "यंदापुरतं बघा मॅडम" म्हणून. त्या यंदाला किती वर्षं झाली, हे मोजायचं मी सोडून दिलं आहे. घर जळगावात, नोकरी धुळ्यात, रोजची एसटी. आणि ऐन डिसेंबरात कॉलेजातले निम्मे प्राध्यापक आजारी, निम्म्यांच्या घरी लग्न. मग वळकट्या, पातेली आणि पोरांची पलटण घेऊन खेड्यावर कोण जाणार? मॅडम आहेत की.

खेड्यावर गेलं की नाल्यावर गोण्यांचा बांध घालायचा, हे ठरलेलं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू भरायची, दाभण-सुतळीने तोंडं शिवायची, थरावर थर रचायचे. विद्यार्थ्यांना श्रमदानाचे तास मिळतात, तास भरले की प्रमाणपत्र मिळतं. आमचा बांध मात्र कधी टिकला नाही. पाणी खालून वाट काढायचं, नाहीतर आमची पाठ वळताच गोण्या कुणाच्या तरी गोठ्यात जायच्या. पुढे पुढे मलाही त्याचं काही वाटेनासं झालं. फोटो निघाला, अहवाल गेला, संपलं.

दोंडाईच्याजवळच्या त्या गावी मात्र बांध टिकला. जागा सरपंचांनी दाखवलेली. पोरांनी गोण्यांच्या फटींत चिकणमाती ठासली, आणि सकाळी उठून बघतो तर नाला तुडुंब! मुलं नाचली. खरं सांगते, मीसुद्धा काहीबाही निमित्त काढून पुन्हा पुन्हा काठावर जाऊन आले. इतक्या वर्षांत आपल्या हातून एक तरी काम झालं होतं. दुसऱ्या दिवशी प्राचार्य जलपूजनाला येणार होते. नारळ, हार सगळं आणून ठेवलं होतं.

दुपारी भांडी घासणाऱ्या मुलींचा ओरडा ऐकून धावले. एक म्हातारी नाल्यात कंबरभर पाण्यात उभी होती. एका हाताने लुगडं सावरत होती, दुसऱ्या हाताने फडक्यातली शिदोरी वर धरू बघत होती. मुलींनी तिला ओढून काठावर आणलं, पण तोवर शिदोरी पाण्यात पडलीच. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा लगदा झाला.

"अक्का, पाण्यात कशाला उतरलात? तिकडे पूल आहे ना?" मी जरा तोऱ्यातच विचारलं.

"पूल लांब शे बाई. मन्हा पाय दुखतस," ती कुडकुडत म्हणाली. "पल्याड मन्ही माय शे. उपाशी शे ती."

मग सगळं कळलं. आमच्या बांधाच्या वरच्या अंगाला नाल्यात पायी ओलांडायचा उथळ उतार होता, तोच तिचा रोजचा रस्ता. पलीकडच्या वस्तीत तिची म्हातारी आई एकटी राहायची, डोळ्यांनी अधू झालेली. ही स्वतः साठी ओलांडलेली लेक रोज भाकरी घेऊन जायची. सरपंच मोटारसायकलवरून पुलाने जातात, त्यांना उतार कशाला आठवेल? आणि आम्ही? घरोघर जाऊन संडास विचारला, गॅस विचारला, लसी विचारल्या. बाई, तुम्ही चालता कुठून, हे विचारलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

अक्का एक शब्द वाकडा बोलली नाही. "पोरेसनी काम चांगलं करं," ती म्हणाली. "पन आते मी कशी जाऊ?"

शिबिराच्या स्वयंपाकातला डबा भरून दोघा पोरांना मोटारसायकलवर पुलाने वस्तीत पाठवलं. आजचं भागलं, पण उद्याचं काय? सरपंच आले, बांधाकडे कौतुकाने बघत म्हणाले, "मॅडम, उद्याचा कार्यक्रम होऊन जाऊ द्या. मग बघू."

ते "मग बघू" मला चांगलं ठाऊक होतं. "यंदापुरतं"चं सख्खं भावंड ते. तरीही मला हो म्हणायचं होतं. मी थकले होते. एवढा एक बांध मला हवा होता, निदान एका फोटोपुरता. पण अक्का तिथेच बसून ओलं फडकं पिळत होती, पिळलेलं पुन्हा पिळत होती. मला इतका संताप आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना. मी शिट्टी वाजवली.

भिजलेल्या गोण्या रचताना होत्या त्याहून जड झाल्या होत्या. रचताना घोषणा होत्या, गाणी होती. काढताना नुसत्या गोण्या हातोहात काठावर जात होत्या. एक पोरगा रडवेला झाला होता, मी बघितलं न बघितलंसं केलं. मधल्या गोण्या निघाल्या तसं पाणी धडाधडा सुटलं, आणि उन्हं कलायच्या आत उताराचे दगड उघडे पडले. अक्का उठली, लुगडं खोचलं आणि घोट्याएवढ्या पाण्यातून पलीकडे गेली. तिथून वळून तिने हाक मारली, "बाई, थंडी शे. पोरेसले बाहेर काढा आते."

मी प्राचार्यांना फोन लावला. "सर, जलपूजनाला येऊ नका," म्हटलं. "पाणीच राहिलं नाही."

हजेरी बघणारी मुलगी शेजारी उभी होती, कोपरापर्यंत चिखलाने माखलेली. जरा चाचरत तिने विचारलं, "मॅडम, बांध फोडला त्याचे तास श्रमदानात धरायचे का?"

"धर," मी म्हटलं. "आजचेच धर."