बशीतली धडधड

आता खरं सांगू? हसणार नसाल तर सांगते. जाऊ दे, हसाच!

परळच्या एका लॅबमध्ये मी नवीनच लागले होते. काम काय, तर स्टेम सेलपासून काचेच्या बशीत हृदयाच्या पेशी तयार करायच्या. पेशीत जीनचा निरोप येतो ना, त्यातले नको ते तुकडे ती कापते, हवे ते जोडते. बाळाच्या हृदयात ही जोडणी एक प्रकारची, मोठ्या माणसाच्या वेगळी. ती बदलते कशी, हे आम्हाला शोधायचं होतं. पण त्यासाठी आधी पेशी धडधडायला तर हव्यात! माझ्या ढिम्म.

सर म्हणाले, "स्नेहल, ही बॅचही गेली तर तुला दुसरं काम देऊ."

आणि एका सकाळी मायक्रोस्कोपच्या स्क्रीनवर बघते तर काय! धकधक, धकधक!

अहो, किंचाळलेच मी. घोडपदेवला आईला फोन.

"आई, धडधडायला लागलं गं!"

"तुझा? आधी खाली बस! पाणी पी!"

"माझं नाही, बशीतलं!"

"बशीत? बशीत काय गो धडधडता?"

"हृदय, आई! मी बनवलेलं!"

फोन ठेवला, सरांना ओढत आणलं आणि स्टुलावर बसून ऐटीत स्क्रीन दाखवला. सरांनी स्क्रीनवर बोट ठेवलं.

"स्नेहल, पेशींच्या बाजूला हा धुळीचा कण दिसतोय?"

"हो सर."

"तोही धडधडतोय. धुळीला कधीपासून हृदय फुटलं?"

मग ते वाकले, टेबलाखाली बघितलं. "पाय थांबव."

थांबवला. टेबल थांबलं, स्क्रीनपण थांबला!

संध्याकाळी चाळीत शिरते तर जिन्यापाशी अख्खा मजला उभा. आई पेढे वाटून मोकळी! शेजारचे परबकाका छातीचे सगळे रिपोर्ट घेऊन पुढे.

"बाय गो, एक माझ्यासाठी पण बनव. ह्या जुना झाला."

आता काय करणार? सांगून टाकलं. "काका, हृदय नव्हतं हो ते. माझाच पाय हलत होता!"

काकांनी रिपोर्ट काखेत मारले आणि पायजमा गुडघ्यावर घेतला.

"पाय तर पाय! हो गुडघो बघ मगे."

पुढच्या आठवड्यात त्याच पेशी खरोखर धडधडल्या बरं का! स्टुलावर मांडी घालून, श्वास रोखून बघितलं. धूळ जागच्या जागी, पेशी नाचतायत! सरांनी स्वतः चहा पाजला.

पण चाळीत कोण ऐकतंय? तिथे मी पायाची डॉक्टरीण ती डॉक्टरीणच. कालच परबकाकू भेगाळलेल्या टाचा दाखवून गेल्या.