सतीशची अपुरी रायफल

आमच्या सतीशसारखा हट्टी माणूस अख्ख्या साउथहॅम्प्टनमध्ये शोधून सापडायचा नाही. बायको म्हणून सांगतेय, तेव्हा खरंच समजा. हॉस्पिटलमधली मशीन्स दुरुस्त करून घरी आला, की हा गॅरेजमध्ये घुसतो. तिथे त्याची जुनी थ्री-नॉट-थ्री. त्याचे आजोबा, म्हणजे आबा, मराठा पलटणीतून इटलीत लढले, ते असल्याच रायफलीनं. कायद्यानं निकामी केलेली, गोळी काही सुटत नाही. पण कुणा शिकाऱ्यानं हलकी व्हावी म्हणून नळीखालचं लाकूड अर्ध्यावर कापून टाकलेलं.

"नवीन लाकूड लाव ना," मी म्हणायचे. "त्या काळातलंच हवं," हा म्हणायचा. झालं. दर वीकेंडला कुठला तरी जुन्या शस्त्रांचा बाजार. जाताना डब्यात पोळीभाजी, येताना खिशात कधी एखादा स्क्रू, कधी पट्ट्याची कडी. लाकूड काही मिळेना.

२००६ साली माझे सासरे, पद्माकरराव, साताऱ्याहून आले. आपल्या वडिलांनी वापरली तसल्या रायफलीची खंडेनवमीला स्वतःच्या हातानं पूजा करायची, एवढंच त्यांच्या मनात होतं. पण खंडित वस्तू पुजायची नाही, हा आमच्या घरचा नेम. सतीशची झोप उडाली.

अशात बाजारातल्या एका ओळखीच्याचा फोन आला, ग्लासगोच्या एका बाईंकडे हवं तसं लाकूड आहे म्हणून. हा ट्रेननं तिथवर गेला आणि हात हलवत परत आला. मी चिडलेच.

"अगं नीना, त्यांच्या वारलेल्या मिस्टरांची रायफल अखंड आहे. लाकूड काढून द्यायला त्या तयार होत्या, मीच नको म्हटलं. एक मोडून दुसरी कशी पुरी करू?"

ज्याच्यासाठी इतकी वर्षं वणवण केली, ते हाताशी आलेलं सोडून यायला छाती लागते. फार अभिमान वाटला मला त्याचा.

खंडेनवमीला त्यानं पाटावर नुसते नट आवळायचे पाने आणि स्क्रूड्रायव्हर मांडले. "बाबा, रायफल काही पुरी झाली नाही," मान खाली घालून म्हणाला.

सासरे उठले. गॅरेजमध्ये गेले, रायफल घेऊन आले, पाटावर ठेवली आणि हळदकुंकू वाहिलं.

"अहो बाबा, खंडित आहे ती," मी म्हटलं.

"आबा लढाईवरून आले ते एका पायानं," ते म्हणाले. "आईनं त्यांना दारात ओवाळलंच होतं."